चामडे की कृत्रिम धागा? आधी आतले लेबल पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मोटारसायकलस्वारांच्या संरक्षक कपड्यांविषयी आलेला लेख आणि त्यावर छापून आलेली वाचकांची पत्रे वाचली. लेखकाने चामडी जॅकेट जड आणि जुन्या काळचे ठरवून कृत्रिम धाग्याच्या जॅकेटची शिफारस केली आहे. उलट एका पत्रलेखकाने चामड्याखेरीज दुसरे काही अंगावर घालून गाडी चालवणे म्हणजे स्वतःची फसवणूक, असा निर्वाळा दिला आहे. दोघांचाही अनुभव खरा असेल, यात मला शंका नाही. मात्र खरेदीला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न दोघांच्याही लिखाणातून सुटला आहे, तो म्हणजे हे जॅकेट किंवा ही पँट कोणत्या चाचणीत आणि कोणत्या दर्जापर्यंत उतरली आहे. नुसते ‘लेदर’ किंवा नुसते ‘टेक्स्टाइल’ एवढे कळल्यावर पडण्याच्या वेळी अंगावरची कातडी शाबूत राहील की नाही, याचा काहीही अंदाज येत नाही, कारण दोन्ही प्रकारांत उत्तम मालही मिळतो आणि केवळ दिखाऊ मालही मिळतो.

पडल्यावर शरीराचे काय होते, ते पाहिल्याशिवाय ही चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही. गाडीवरून पडताना आधी खांदा, कोपर, नितंबाची बाजू किंवा गुडघा जमिनीवर आदळतो. हा खालच्या दिशेचा आघात मुख्यतः आपण किती उंचीवरून पडलो यावर अवलंबून असतो. गाडीचा वेग त्यात फारसा मिसळत नाही. वेगाचा हिशेब सुरू होतो तो त्यानंतरच्या घसरण्यात. कपडा आणि डांबर यांच्यातील घर्षणगुणांक ०.६ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस थांबेपर्यंत २३-२४ मीटर घसरतो आणि त्याला पावणेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर हेच अंतर ६५ मीटरच्या आसपास जाते आणि वेळ पावणेपाच सेकंदांच्या घरात. वेग दुपटीहून कमी वाढला, पण अंतर पावणेतीन पट झाले, कारण घसरण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधी सुती जीन्स यातल्या पहिल्या सेकंदाच्या आसपासच विरून जाते. उरलेल्या वेळात जे घासले जाते ते आपले अंग असते. शिवाय मध्ये दुभाजक, खांब किंवा दुसरे वाहन आले तर हा सारा हिशेबच बदलतो आणि त्या धडकेपुढे कोणताही कपडा तोकडा पडतो, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

घासणे सहन करण्याच्या बाबतीत चांगले चामडे आजही फार वरच्या जागी आहे, एवढे त्या पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. कातड्यातील कोलॅजेनचे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्यात कापडासारखा उभा-आडवा धागा नसल्यामुळे एके ठिकाणी झीज झाली म्हणून तिथून पुढे ते उसवत जात नाही. घर्षणाच्या उष्णतेने ते वितळत नाही. फार तर करपते. मोटारसायकलच्या कपड्यांसाठी गाईचे चामडे साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचे वापरतात. कांगारूचे चामडे त्याहून पातळ असूनही तेवढेच भक्कम ठरते, कारण त्यातील तंतू पृष्ठभागाला बऱ्याच अंशी समांतर असतात. म्हणून शर्यतीच्या उंची सूटमध्ये ते आढळते. पण हे सर्व वर्णन जाड, वरचा मूळ थर कायम असलेल्या चामड्याचे आहे. मेंढीच्या मऊसूत, पातळ चामड्याची जी जॅकेटे केवळ मिरवण्यासाठी शिवली जातात, त्यांचा रस्त्यावर काही उपयोग नाही. वरचा थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या सैल थरावर प्लॅस्टिकचा लेप चढवला, तरी ते ‘अस्सल चामडे’ म्हणून विकता येते, आणि ते खोटेही नसते. दुकानात जॅकेट हातात आल्यावर खिशाच्या तोंडाशी किंवा बाहीच्या आतल्या दुमडीशी चामड्याची मोकळी कड दिसते. तिथे जाडी, तंतूंचा घट्टपणा आणि वर चढवलेल्या लेपाची पापुद्र्यासारखी रेघ डोळ्यांनी पाहता येते. पाठीवरची चकाकी पाहून काहीच कळत नाही.

कृत्रिम धाग्यांविषयी बोलताना लेखकाने सगळे एकाच पारड्यात टाकले आहे, ते मला विशेष खटकले. नायलॉन, पॉलिएस्टर, अरामिड (केव्हलार हा त्यातलाच एक) आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे चारही धागे ‘टेक्स्टाइल’च, पण त्यांचे वागणे अगदी वेगवेगळे. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन ६,६ त्याच्या आसपास, तर पॉलिएथिलीन १४५ अंशांच्या जवळपास. डांबरावर घसरताना कपड्याचा पृष्ठभाग तापतो, आणि साधे पातळ पॉलिएस्टर वितळून जखमेत चिकटले तर ती जखम साफ करणे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठीही मोठे त्रासाचे काम होऊन बसते. म्हणून आघाताच्या जागी काय वापरले आहे, हे महत्त्वाचे. लेबलवर ‘५०० डेनियर’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्या धाग्याच्या ९००० मीटर लांबीचे वजन ५०० ग्रॅम आहे, एवढाच. तो आकडा धाग्याचा जाडेपणा सांगतो. धागा नायलॉनचा की पॉलिएस्टरचा, वीण किती घट्ट आणि खाली दुसरा पदर आहे की नाही, हे सांगत नाही.

अरामिडच्या नावाने तर बराच गैरसमज आहे. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ज्या धाग्याचा शोध लावला आणि जो पुढे केव्हलार म्हणून ओळखला गेला, तो वजनाच्या तुलनेत पोलादाहून कितीतरी अधिक ताण सहन करतो आणि वितळत नाही, हे खरे आहे. परंतु ताण सहन करणे आणि घासणे सहन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीन्सच्या आत गुडघ्यापुरता लावलेला अरामिडचा एक पातळ तुकडा पाहून ‘ही केव्हलारची पँट आहे’ असे समजणाऱ्याने तो तुकडा नितंबाच्या बाजूला आहे का, मांडीवर कुठपर्यंत येतो आणि बसल्यावर वर सरकतो का, हे पँट आतून उलटी करून बघावे. या धाग्याला उन्हातील अतिनील किरणांचे आणि क्लोरीनयुक्त ब्लीचचे वावडे आहे, हेही धुणाऱ्याला माहीत असावे.

मग सामान्य ग्राहकाने ओळखायचे कसे? त्यासाठी युरोपातील ईएन १७०९२ हे मानक २०२० पासून उपलब्ध आहे आणि त्याचे लेबल आज अनेक देशांत विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर दिसते. कपड्याच्या आत मोटारसायकलस्वाराचे लहान चित्र असलेले एक लेबल शिवलेले असते आणि त्यावर ‘एएए’, ‘एए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ यांपैकी एक दर्जा छापलेला असतो. ‘बी’ म्हणजे घासण्यापासून ‘ए’एवढेच संरक्षण, पण आघात शोषणारे प्रोटेक्टर नाहीत, ‘सी’ म्हणजे केवळ प्रोटेक्टर जागेवर धरून ठेवणारा कपडा, जो दुसऱ्या कपड्याखाली किंवा वर घालायचा असतो. चाचणीत कापडाचे नमुने फिरत्या यंत्रावर बसवून ठराविक वेगाला आणतात आणि काँक्रीटच्या पृष्ठभागावर सोडतात. ते थांबेपर्यंत ५ मिलिमीटरहून मोठे भोक पडले तर नमुना नापास. खांदे, कोपर, नितंबाची बाजू आणि गुडघे या सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी ‘एएए’ला ताशी १२०, ‘एए’ला ७० आणि ‘ए’ला ४५ किलोमीटरएवढ्या वेगाची कसोटी असते. इतर भागांसाठी ती सौम्य असते, कारण छातीच्या मधल्या भागाला किंवा बाहीच्या आतल्या बाजूला रस्ता क्वचितच घासतो. हे आकडे यंत्रावरचे आहेत. ‘एएए’ घालून ताशी १२० च्या वेगाने पडले तरी काही होणार नाही, असा त्यांचा अर्थ कोणी काढू नये. कपड्यांची आपसांत तुलना करण्यापुरताच त्यांचा उपयोग.

याआधीचे ईएन १३५९५ हे मानक अधिक कडक होते, असे या क्षेत्रातील जुनी माणसे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यात ताशी २९ किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर नमुना दाबून धरत आणि धोक्याच्या भागांना पहिल्या पातळीसाठी ४ सेकंद, दुसऱ्या पातळीसाठी ७ सेकंद टिकावे लागे. त्या कसोटीला उतरणारे कपडे बहुतेक जाड चामड्याचे असत आणि रोजच्या वापरातले फारच थोडे. नव्या मानकाने ‘ए’ हा सौम्य दर्जा ठेवून हलक्या कपड्यांनाही आत घेतले. त्यामुळे कित्येक कपडे निदान कसल्या तरी चाचणीतून जाऊ लागले, हा फायदा. आणि ‘प्रमाणित’ एवढा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापून ‘ए’ हे अक्षर बारीक टाईपात ढकलण्याची सोय विक्रेत्यांना झाली, हा तोटा.

चामडे असो वा कापड, कपडा बहुधा शिवणीत दगा देतो. घसरताना दोन पदर विरुद्ध दिशांना ओढले जातात आणि टाके तुटले की मधले उत्तमातले उत्तम चामडेही एखाद्या झडपेसारखे उघडते. म्हणून जॅकेट उलटे करून खांद्याची आणि बाहीच्या मागची शिवण पाहावी. वरून दिसणाऱ्या टाक्यांखाली आत दडलेली दुसरी शिवण असेल, तर वरचे टाके घासून गेले तरी आतले टिकतात. दोन्ही हातांनी शिवण ताणल्यावर टाक्यांमधून उजेड दिसू लागला तर ते जॅकेट खाली ठेवावे. लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण कमी होते, हे त्यात दिसलेच. पण मोटारसायकलसाठी म्हणून घेतलेल्या जॅकेटांपैकी २९.७ टक्के, पँटांपैकी २८.१ टक्के आणि हातमोज्यांपैकी २५.७ टक्के अपघातात फाटून किंवा विरून निकामी ठरले होते. म्हणजे संरक्षक म्हणून घेतलेल्या दर तीन-चार कपड्यांमागे एक ऐन वेळी कामाला आला नाही.

प्रोटेक्टरविषयी लेखात चार ओळी होत्या, त्यात थोडी भर घालतो. खांदे, कोपर, नितंब, गुडघे यांच्या प्रोटेक्टरसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. ५० ज्यूलचा आघात केल्यावर पलीकडे पोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर पहिली पातळी, २० च्या आत राहिले तर दुसरी. पाठीच्या प्रोटेक्टरसाठी ईएन १६२१-२ असून तिथे या मर्यादा १८ आणि ९ किलोन्यूटन आहेत. खिशातून प्रोटेक्टर बाहेर काढला की त्यावर हे सगळे उठवलेले दिसते: खांद्यासाठी ‘एस’, कोपरासाठी ‘ई’, नितंबासाठी ‘एच’, गुडघ्यासाठी ‘के’, आणि शेजारी पातळीचा आकडा. काही मऊ प्रोटेक्टर उष्णतेत अधिक मऊ पडतात. ४० अंशांची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांवर ‘टी+’ अशी खूण असते, आणि उन्हात फिरणाऱ्याने ती आवर्जून शोधावी. पाठीच्या खिशातून मात्र बहुतेक वेळा निघतो तो कसलीही खूण नसलेला फोमचा तुकडा. ईएन १७०९२ मध्ये ‘एएए’ दर्जासाठीसुद्धा पाठीचा प्रोटेक्टर सक्तीचा नाही, त्यामुळे उत्पादक केवळ खिसा भरलेला दिसावा म्हणून फोम घालतात आणि विकत घेणारा पाठ सुरक्षित आहे अशा समजुतीत राहतो. त्या जागी खरा प्रोटेक्टर वेगळा विकत घेऊन घालावा लागतो, हे विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. ‘ए’ दर्जाच्या पँटमध्ये नितंबाचा प्रोटेक्टरही ऐच्छिक आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आता उष्णता आणि पाऊस. माझ्या मते चामडे की कापड याचा निकाल प्रत्यक्षात इथेच लागतो. चामडे भिजले की जड होते, सुकायला वेळ घेते, आणि घाईने उन्हात किंवा हीटरजवळ वाळवले तर कडक होऊन तडकते. पावसात चामड्यावर वेगळा रेनकोट चढवण्यावाचून गत्यंतर नाही. कापडी जॅकेटात जलरोधक पडदा देता येतो, पण त्यातही दोन प्रकार आहेत. पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल तर पाणी वरच्या वर ओघळून जाते; तो आत सुट्या अस्तरासारखा असेल तर बाहेरचे कापड भिजून जड होते आणि वाऱ्याने गार पडून अंगातली ऊब ओढून घेते. दुसरा प्रकार स्वस्त असतो, आणि ‘वॉटरप्रूफ’ ही पाटी दोघांवरही असते. उष्णतेत चामड्याची अडचण सर्वांनाच ठाऊक आहे. छिद्रे पाडलेले चामडे वेगात असताना बरे वाटते, सिग्नलला थांबले की नाही. जाळीच्या, म्हणजे मेशच्या जॅकेटातून वारा मोकळा खेळतो, त्यामुळे ते उन्हाळ्यात सर्वाधिक खपते. पण मोठ्या छिद्रांची पॉलिएस्टर जाळी घासण्यापुढे सर्वांत आधी हार मानते. जाळी फक्त छातीवर, पाठीवर आणि बाहीच्या आतल्या बाजूला आणि धोक्याच्या भागांवर जाड नायलॉन किंवा चामडे, अशी रचना असेल तरच मेश घ्यावे. शिवाय हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेले की तो मोकळा वारा उलट अंग तापवू लागतो. गारवा मिळतो तो फक्त घाम सुकण्यातून, आणि कोरड्या हवेत घाम इतक्या झपाट्याने सुकतो की शरीरातले पाणी कमी झाल्याचे कळतही नाही. अशा वेळी आत ओला बनियन घालून झरोके थोडे बंद ठेवणे अधिक उपयोगी पडते.

उकाडा हा केवळ सुखसोयीचा प्रश्न आहे, असे मी मानत नाही. तापलेल्या माणसाचे लक्ष उडते, प्रतिक्रिया मंदावते, आणि शेवटी तो जॅकेट काढून सामानाला बांधतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील ‘मोटोकॅप’ ही योजना २०१८ पासून बाजारातले कपडे स्वतः विकत घेऊन तपासते आणि संरक्षणाचे व उष्णतेत सोसवण्याचे गुण वेगवेगळे देते, ते याच कारणाने.

मापाविषयी थोडक्यात सांगतो. जॅकेट उभे राहून नव्हे, गाडीवर बसण्याच्या स्थितीत हात पुढे घेऊन घालून पाहावे. कोपराचा प्रोटेक्टर हाताने फिरवल्यावर बाजूला सरकत असेल, तर घसरताना तो नक्कीच सरकणार. चामडे वापराने अंगासरशी बसते, म्हणून नवे असताना थोडे आवळ चालते. कापड तसे सैल होत नाही, त्याला बाहीवर आणि कमरेवर आवळण्याचे पट्टे हवेत. जॅकेट आणि पँट कमरेभोवती पूर्ण चेनने जोडता आली तर घसरताना जॅकेट वर गोळा होत नाही. एकदा चांगले घासले गेलेले कापडी जॅकेट बहुधा टाकून द्यावे लागते. चामड्याचा खराब झालेला तुकडा काढून नवा शिवता येतो, आणि वर्षानुवर्षांच्या खर्चाचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरायला हवी. ज्यांना प्राण्याचे कातडे अंगावर नको आहे, त्यांचा निर्णय मी पूर्णपणे समजू शकतो. आज त्यांना ‘एएए’ दर्जाचे कापडही मिळू शकते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा सतत मोठ्या वेगाने चालवणाऱ्याने चामड्याला पर्याय शोधू नये. रोज ये-जा करणाऱ्या, ऊन-पावसात लांबचा प्रवास करणाऱ्या आणि एकच जॅकेट घेऊ शकणाऱ्या माणसाने ‘एए’ दर्जाचे कापडी जॅकेट घ्यावे आणि पाठीचा खरा प्रोटेक्टर लगेच घालून घ्यावा. पण जॅकेटवर सगळे पैसे संपवून खाली साधी जीन्स घालणे मला पटत नाही. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात पँट आणि हातमोजे यांचा फायदा जॅकेटपेक्षाही ठळक दिसला होता. चामड्याची ‘ए’ दर्जाची जोडी आणि कापडाची ‘एए’ दर्जाची जोडी समोर असतील, तर मी विचार न करता कापड उचलीन.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत यापुढे अशा कपड्यांचे परीक्षण छापताना वजन, रंग आणि खिशांची संख्या यांच्या जोडीने ईएन १७०९२ चा दर्जा, प्रोटेक्टरची पातळी आणि पाठीच्या खिशात नेमके काय आहे, एवढी तीन ओळींची माहिती द्यावी. उत्पादकाने ती दिली नसेल, तर ‘दर्जा नमूद नाही’ असे स्पष्ट छापावे. जाहिरातींच्या बाबतीत हा आग्रह धरणे आपल्याला अवघड जाईल, हे मी जाणतो. परीक्षण मात्र आपल्या हातात आहे.

आपला,
एक मोटारसायकलस्वार वाचक